पाटीवरची पेन्सिल

वाईला दवाखाना सुरू करून मला अकरा वर्षं झाली. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी आठवड्याला दोन-तीन जणी तरी येतात, लग्नसराईत जास्तच. माघात आलेली एक बाई मात्र अजून नजरेसमोरून हलत नाही.

वय बत्तीस. दिराचं लग्न पंधरा दिवसांवर. "मॅडम, कुंकुमादी तेल द्या, फोटोत फार वाईट दिसतं," एवढंच म्हणणं. महिनाभर रोज रात्री लिंबाचा रस आणि खायचा सोडा चोळून डोळ्यांखालची कातडी लाल, खरखरीत झाली होती. बोट टेकलं तरी चुरचुरायचं. सगळ्या अंगात पातळ कातडी ती, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यावर लिंबू चोळायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कातडी शांत व्हावी म्हणून शतधौत घृताची, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाची डबी काढत होते. तेवढ्यात सोबतची लहान मुलगी म्हणाली, "आई माझ्या पाटीवरच्या पेन्सिली खाते."

बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. मी डबी खाली ठेवली.

खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नाहीच, सगळं पांढुरकं. नखं मध्ये खोलगट. जिना चढताना धाप लागते का? "लागते की. कामानं लागत असेल." पाळी आठ-नऊ दिवस, आणि दर दोन तासांनी पॅड बदलायचं. "सगळ्याच बायकांचं असंच असतं ना, मॅडम?"

चरकाने पांडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकं पडण्याच्या आजाराचा, पाचवा प्रकार सांगितलाय तो माती खाण्याने होणारा. सुश्रुताने माती खाणं आणि डोळ्यांच्या खोबणीवरची सूज, दोन्ही पांडूच्या पूर्वरूपांत, म्हणजे आजार पुरता दिसण्याआधीच्या खुणांत, एकाच ओळीत घातलीत. बीएएमएसला, आयुर्वेदाच्या पदवीला, घोकलेली ती ओळ माझ्यासमोर खुर्चीत बसली होती, आणि मी तेलाचा विचार करत होते!

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.८. बाईला निदान १२ तरी हवं. रक्त कमी झालं की चेहरा फिका पडतो, पातळ कातडीखालच्या निळसर शिरा उठून दिसतात. तेच तिचं काळेपण.

६.८ ला नुसत्या मंडुरावर, म्हणजे लोहाच्या आयुर्वेदिक औषधावर, विसंबणं मला पटत नाही. फोन करून त्याच संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयात गाठ निघाली, तिचे उपचार सुरू झाले, सलाइनमधून लोह दिलं. नंतर मी ताकाबरोबर पुनर्नवा मंडूर दिलं, रोज आवळा सांगितला आणि जेवणावरचा चहा बंद केला, कारण चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

लग्न तशाच डोळ्यांनी पार पडलं. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १०.१ होतं. "पेन्सिलीचा वाससुद्धा नकोसा वाटतो आता," म्हणाल्या. वर्तुळं फिकी झाली होती, पण पुरती गेली नव्हती. त्यांच्या आईलाही तशीच आहेत म्हणे. ती तेवढी राहतील, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.