दोन मोती गळाले

रविवार, रात्री उशिरा

‘द दा विंची कोड’, ते पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियममधल्या खुनाचं थ्रिलर, आज संपलं एकदाचं. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं, बसमध्ये, जेवताना, आई ओरडेपर्यंत वाचत होते. उलटसुलट केलेली अक्षरं, फिबोनाचीचे आकडे, दा विंचीच्या चित्रातलं गुपित, प्रत्येक चॅप्टर असा संपतो की पुढचं पान उलटल्याशिवाय राहवतच नाही. जाम मजा आली.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. सुरुवातीलाच छापलंय की त्यातली ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संघटना खरी आहे, १०९९ सालची, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिचे कागद सापडले. शोधलं तर ती १९५६ मध्ये पिएर प्लांतार नावाच्या माणसाने आणि त्याच्या दोस्तांनी फ्रान्समध्ये रजिस्टर केलेली निघाली, आणि ते कागदही त्याच कंपूने बनवून ग्रंथालयात नेऊन ठेवलेले. कादंबरीत कल्पना हवीच की, पण वर ‘हे खरं आहे’ असं लिहायचं हे मला नाही पटत, कारण वाचणारा तेच धरून बसतो.

आणि आपल्याकडे अस्सल माल पडलाय ना! पानिपतानंतर, जानेवारी १७६१, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, वाटेत सावकाराचं पत्र घेऊन जाणारा कासद सापडतो, पत्र फोडतात तर आत काय, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. सगळी पेढीची भाषा. दोन मोती म्हणजे पानिपतात पडलेले भाऊसाहेब आणि विश्वासराव. विश्वासराव तर नानासाहेबांचा स्वतःचा मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा. ते कोडं सोडवायला कुणी प्रोफेसर लागला नाही, वाचताक्षणी कळलं असणार, आणि मला तेच सहन होत नाही.

मोडी लिपीच्या क्लासला जायला लागल्यापासून तर हे वेडच लागलंय. आधी आडवी रेघ ओढायची मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठे तुटतो तो आपणच ओळखायचा, ऱ्हस्व-दीर्घ तर विसराच. तारीखपण सरळ नसते. आज एका कागदावर ‘सीत सबैन मया व अलफ’ आलं, म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, झाले ११७६, हा शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतला अरबी आकड्यांत लिहायचा सन, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५, आणि वर्ष मृगाला बदलतं म्हणून जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. मला ते जमलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. तेव्हाच्या कारकुनाला हे रोजचंच, यात लपवाछपवी काहीच नव्हती, आपण मोडी सोडली म्हणून आपल्याला ते कोडं झालं.

कुणीतरी यावर थ्रिलर लिहा राव. पुण्यात पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेत. नानासाहेब १७६१ च्याच जूनमध्ये पर्वतीवर वारले, पहिला चॅप्टर तिथेच सुरू करा. फक्त खोटे कागद बनवू नका, गरजच नाही.