साडेचारचं ऊन आणि आतला पडदा

"एवढा जाड पडदा घेतला, तरी बेडरूम तापतेच. एसी कमी पडतोय बहुतेक."

पुण्यातला पश्चिमेच्या खिडकीचा फ्लॅट, मे महिना, दुपारचे साडेचार. पडद्याला हात लावला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम.

तिथेच गोम आहे. ऊन काचेतून पडद्यापर्यंत पोचलं, म्हणजे उष्णता घरात आलीच. तापलेला पडदा ती खोलीत सोडतो आणि काच ती सहजी बाहेर जाऊ देत नाही. काचेकडे पांढरं अस्तर असेल तर थोडं ऊन परततं, एवढंच.

मग वर छज्जा आहे ना? आहे, 2 फुटांचा. चारही दिशांना तोच, नकाशात एकदा काढून चिकटवलेला. पण यावेळी सूर्य क्षितिजापासून साधारण 33 अंशांवर असतो. छज्ज्याची सावली जेमतेम सव्वा फूट उतरते. 4 फुटी खिडकी झाकायला 6 फुटी छज्जा लागेल. कोण बांधणार? दक्षिणेला मात्र मेमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरच, तिथे 2 फूट भरपूर.

पश्चिमेला बाहेरून बांबूच्या चिकाचा पडदा लावा. काचेपासून 4 ते 6 इंच लांब, वर-खाली फट मोकळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. खालची दोरी घट्ट बांधा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात काड्या तुटतात.

पण सोसायटीचा नियम: बाहेरून काही लावायचं नाही, इमारतीचं रूप बिघडतं. मग एसीचे डबे लटकलेले कसे चालतात?