नाटकात कुणाला काय माहीत असतं, हे कॉम्प्युटरला कसं कळणार?

सौभद्र घ्या. यतीच्या वेषातला अर्जुन बलरामासमोर उभा आहे, बलराम त्याचा एवढा मान राखतो की थेट घरी आणून ठेवतो आणि वर सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतो, आणि त्याच वेळी तिचं लग्न दुर्योधनाशी लावायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. कृष्णाला सगळं ठाऊक. सुभद्रेला ठाऊक नाही. आणि दादरला शिवाजी मंदिरात बसलेल्या आपल्याला आधीपासूनच ठाऊक. नाटक १८८२ चं, गोष्ट तर त्याहून कितीतरी जुनी, तरी मजा येते ती या माहितीतल्या फरकाची!

हा फरक कॉम्प्युटरने ओळीओळीने मांडता येईल का, याच्या मागे मी सध्या लागलेय.

आकड्यांनी नाटक वाचणं तसं नवीन नाही. सोलोमन मार्कुस नावाचा रोमानियन गणितज्ञ होता, त्याने १९७० च्या सुमारास पात्रं एका बाजूला, प्रवेश दुसऱ्या बाजूला असा तक्ता करून कोण कधी रंगमंचावर आहे ते मांडलं. २०११ मध्ये फ्रँको मोरेत्तीने हॅम्लेटचं जाळं काढलं, दोन पात्रं एकमेकांशी बोलली की त्यांच्यात एक रेघ. छान दिसतं ते, पण सौभद्रला लावून बघा, बलराम आणि यती यांच्यात रेघ येणार आणि बलरामाला काय कळलंय, तर काहीच नाही. समोर असणं आणि माहीत असणं यात फरक आहे आणि नाटक उभं राहतं तेच मुळी त्या फरकावर.

जर्मनीत काही संशोधकांनी नेमकं हेच धरलंय, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बहीण, ही नात्यांची माहिती कुठल्या पात्राला कुठल्या संवादात मिळते याच्या खुणा ते जर्मन नाटकांमध्ये करतात. लेसिंग या जर्मन नाटककाराच्या १७७९ च्या ‘नाथान’ या नाटकामध्ये प्रेमात पडलेला तरुण आणि ती मुलगी शेवटी भाऊबहीण निघतात, म्हणजे अशा कामाला हे नाटक किती सोयीचं बघा.

पण मला खरा आनंद झाला तो आपल्या जुन्या छापील प्रती उघडल्यावर. (स्वगत), (एकीकडे), (उघड), (पडद्यात). अहो, ही सगळी कुणी काय ऐकलं याचीच नोंद आहे! संस्कृत नाटकात तर अजून बारकावा, जनांतिक म्हणजे हाताचा त्रिपताक (अनामिका दुमडलेला पंजा) धरून एकालाच सांगायचं आणि बाकीचे तिथेच उभे असून त्यांनी ऐकलं नाही असं सगळ्यांनी मानायचं. म्हणजे प्रोग्रामला लागणारा नियम आपल्याकडे शेकडो वर्षं तयार आहे. अडचण अशी की स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, चालवलं की नेमके कंसच बिघडतात, कंसाचा दंड होतो, कधी काना होतो, आणि स्वगत आपलं चारचौघात बोलल्यासारखं पुढच्या वाक्याला चिकटतं. ते सगळं हाताने दुरुस्त करावं लागतं, त्याला इलाज नाही.

संशयकल्लोळने मात्र माझा तक्ताच बदलला. रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. पुढे रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती फाल्गुनराव पाहतो. दोघांनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं, त्यावरून जे ठरवलं ते साफ चूक. माझ्या तक्त्यात आधी माहीत आणि माहीत नाही एवढेच दोन रकाने होते, आता ‘पाहिलं’ वेगळं, ‘समजलं’ वेगळं आणि समजलेलं खरं की खोटं ते वेगळं. शिवाय पात्रांच्या यादीत प्रेक्षक हे एक जादा पात्र घातलंय, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय हसू कुठे येणार ते सापडतच नाही.

बरेच जण म्हणतात एआयला विचार ना सरळ. विचारलं की. पण त्याने सौभद्रची गोष्ट आधीच कुठेतरी वाचलेली असते, त्यामुळे दुसऱ्या अंकात सुभद्रेला काय माहीत आहे असं विचारलं तरी ते शेवट माहीत असलेल्या माणसासारखं बोलतं. म्हणून मी त्याला तेवढ्या संवादापर्यंतचाच मजकूर देते आणि पात्रांची नावंही बदलून देते. मग उत्तरं जरा ताळ्यावर येतात.

आता मला हवी आहे ती प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना संवाद सुचवणाऱ्याची, वही. छापील पुस्तकात जे नाही, म्हणजे कोण विंगेत थांबलंय, कोणी पाठ फिरवलीय, कोण मध्येच आत गेलं, ते त्या वहीत पेन्सिलने लिहिलेलं असतं. गिरगाव, दादर, पार्ल्यात कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत संगीत नाटकाची अशी वही असेल तर रद्दीत घालू नका, निदान पानांचे नीट फोटो काढून ठेवा, कंस दिसतील असे.