नळीतून पांढरा रस्सा चालतो का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि परवा तर रंकाळ्यावर चालताना थांबवून. यांच्या खालच्या जबड्याचं ऑपरेशन झालं (तंबाखू, दुसरं काय!) तेव्हा सव्वा महिना नाकातल्या नळीवर काढला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नाही चालत. मीही आधी कोल्हापूरकरच. तिसऱ्याच दिवशी अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) दोनदा गाळून डबा घेऊन गेले. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "मटण कुठाय?" म्हटलं, गाळणीत. "मग ताकदही तिथंच राहिली की."

मग त्यांनी हिशेब मांडला. वजन ६० किलो. किलोमागे २५ ते ३० कॅलरी, म्हणजे दिवसाला १५०० ते १८००; प्रथिनं ७५ ते ९० ग्रॅम. जखम भरायची ती प्रथिनांवर, आणि नुसत्या रश्शात ती नावालाच. पांढऱ्या रश्शात तर खसखस, काजूची पूड; ती नळीत अडकून बसते. त्यापेक्षा म्हशीचं दूध, मऊ शिजवलेली डाळ, उकडलेलं अंडं, डॉक्टरांनी दिलेली पावडर, चमचाभर तेल. सगळं मिक्सरमधून काढून मलमलीतून गाळायचं. सकाळी सहा ते रात्री दहा, दर दोन तासांनी २०० मिलि, कोमट. आमचं माप हे. तुमचं तुमचे डॉक्टर ठरवतील.

देण्याआधी नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना, ते बघायचं. सरकली असेल तर काही द्यायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. माणूस टेकून बसता हवा, नंतरही अर्धा-पाऊण तास. सिरिंज उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्यानं रेटायचं नाही. शेवटी ५० मिलि पाणी. एकदा मी गोळी कुटून नाचणीच्या पेजेतच ढवळली आणि नळी तुंबली. रात्री अकराला दवाखान्याची पायरी! गोळी वेगळी, बारीक पूड करून, पाण्यातून.

पोट भरायचं, तोंडाचं काय? रविवारी शेजारी मटण शिजलं की हे पाटी मागून घ्यायचे. एकदा लिहिलं, "खिडकी लावू नको." मी लावायला उठले होते खरी. मग तशीच उघडी ठेवली, आणि बाराचं दूध त्या वासातच दिलं.