कोऱ्या नमुन्याचा आलेख

मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या नमुन्यांचं चुंबकत्व मोजणाऱ्या केंद्राकडून सात फाइल्स आल्या. संशोधनाला निधी मागणारा प्रस्ताव पाठवायची मुदत चार दिवसांवर होती. सातपैकी दुसरी फाइल उघडली आणि पडद्यावर नीटस, मधून फुगलेला हिस्टेरेसिसचा फास उमटला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवताना आणि उतरवताना वेगवेगळ्या वाटेने जाणारी रेघ. फेरोचुंबकत्वाची, म्हणजे लोखंडासारख्या पक्क्या चुंबकत्वाची, ही ओळखीची खूण. नमुना क्रमांक दोन म्हणजे सिलिकॉनचा कोरा तुकडा. त्यावर काहीही चढवलेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर आम्ही काय केलं, ते बरोबर होतं का, हे अजून माझ्या डोक्यात चालू आहे.

कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. एका अंगाला जिनिंग, दुसऱ्या अंगाला कपाशीची वावरं. काम स्पिनट्रॉनिक्सचं. आजची चिप इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर चालते. भाराखेरीज इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे अंगचंच इवलंसं चुंबकत्व. मोजायला गेलं की ते दोनच दिशा दाखवतं, वर किंवा खाली. धातूंच्या पातळ थरांत या स्पिनमुळे रोध किती बदलतो ते आल्बेर फेर आणि पेटर ग्रूनबर्ग यांनी १९८८ मध्ये दाखवलं. १९९७ मध्ये आयबीएमने त्याच तत्त्वावर हार्ड डिस्कचं रीड-हेड बाजारात आणलं आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. शोधापासून दुकानापर्यंत नऊ वर्षं. इतक्या लवकर फळ देणारं मूलभूत संशोधन विरळा, म्हणून या विषयाला पैसाही मिळत गेला. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकातच त्यासाठी वेगळा निधी ठेवला.

धातूत जमलं ते सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात जमवणं ही पुढची पायरी, आणि ती फार अवघड निघाली. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी १९९० मध्ये स्पिन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. त्यासाठी स्पिन अर्धवाहकात सोडता, टिकवता आणि वाचता आला पाहिजे, तोही खोलीच्या तापमानाला. मँगनीज घातलेलं गॅलियम आर्सेनाइड फेरोचुंबकीय होतं खरं, पण सुमारे २०० केल्विनच्या खालीच, म्हणजे उणे ७० अंशांच्याही खाली. मग २००० साली तोमाश दीत्ल आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइड खोलीच्या तापमानालाही चुंबकीय राहू शकतील. झिंक ऑक्साइड स्वस्त, बिनविषारी आणि साध्या भट्टीत होणारं. जगभरच्या छोट्या प्रयोगशाळा त्यावर तुटून पडल्या, त्यात आम्हीही; आम्ही मात्र मँगनीजऐवजी कोबाल्ट घातलं. दीत्ल यांच्या गणितात एक अट होती. मँगनीज पाच टक्के हवं आणि घनसेंटिमीटरमागे ३.५ गुणिले दहाचा विसावा घात इतके होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, हव्यात. झिंक ऑक्साइड मुळात एन-प्रकारचं, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेलं, त्यात होल आणणं हेच महाकठीण. ही अट गाळून नुसती भविष्यवाणी सांगणारे प्रस्ताव मी डझनभर वाचले आहेत. आमच्या पहिल्या मसुद्यातही ती नव्हती.

आमची पद्धत सोल-जेलची, म्हणजे द्रावणाचे पातळ थर चढवून भाजायची. ५० मिलि द्रावणासाठी झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ५.२१ ग्रॅम, कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेट ०.३१ ग्रॅम, द्रावक २-मेथॉक्सीइथेनॉल आणि वरून दीड मिलि मोनोइथेनॉलअमीन. त्यातून अर्धा मोलर द्रावण होतं आणि कोबाल्ट पाच टक्के बसतं. ६० अंशांवर दोन तास ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे, वाफा बाहेर ओढणारं फ्यूम हूड चालू नसेल तर बाटली उघडायची नाही. तुकडा गरागरा फिरवून द्रावण पसरवणाऱ्या स्पिन कोटरवर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद, मग हॉटप्लेटवर ३०० अंशांना दहा मिनिटं, की एक थर झाला. असे दहा थर चढवले की साधारण ३०० नॅनोमीटर जाडी येते. शेवटी भट्टीत ५०० अंशांवर एक तास.

पावसाळ्यात हे काम बंद. हवेतली ओल ओल्या थरात शिरते आणि फिल्म ताकासारखी पांढुरकी होते. म्हणून आमचा हंगाम दिवाळी ते मे. भट्टी कधी लावायची तेही शेतीपंपांच्या विजेवर ठरतं. पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि मधेच वीज गेली तर भट्टी हवी तशी थंड न होता भलत्या वेगाने थंड होते, फिल्मला तडे जातात. उरलेलं द्रावण आटवून भाजलं की हिरवी पूड मिळते. तो हिरवा रंग म्हणजे कोबाल्ट झिंकच्या जागी जाऊन बसल्याची खूण. क्वार्ट्झवरच्या फिल्मच्या वर्णपटात ५६५, ६१० आणि ६५५ नॅनोमीटरजवळ शोषण दिसायचं. इथवरचं काम पक्कं होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

चुंबकत्व मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. पाच बाय पाच मिलिमीटरचे तुकडे करून ते बाहेरच्या केंद्रावर पाठवायचे. दोन वर्षांपूर्वी तिथून आलेल्या आलेखात फास होता, खोलीच्या तापमानाला, ४३ मायक्रोईएमयू (ईएमयू हे चुंबकत्वाचं एकक). हिशोब केला तर कोबाल्टच्या प्रत्येक अणूमागे ०.३ बोर मॅग्नेटॉन, हे अणूच्या चुंबकत्वाचं एकक. छापील शोधनिबंधांतल्या आकड्यांशी जुळणारा आकडा होता, म्हणून सगळे खूश झालो. प्रस्तावातल्या ‘प्राथमिक निष्कर्ष’ या रकान्यात तोच आलेख जाणार होता.

एप्रिलमध्ये आमचे लॅब असिस्टंट, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो, बाकावरचं सामान आवरत होते. स्पीकरमधून काढलेला एक चुंबक तिथे पडला होता, त्याला चिमटा चिकटला. भाऊ म्हणाले, “सर, ह्या चिमट्याले त चुंबक लागते. मंग याच्यानं उचललेल्या मालाले लागन नाही का?”

स्टेनलेस स्टीलला चुंबक लागत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धसत्य आहे. ३०४ जातीचं स्टील मऊ स्थितीत जवळजवळ अचुंबकीय असतं, पण वाकवलं, ठोकलं, टोक घासलं की त्या भागाची स्फटिकरचना बदलते आणि तो चुंबकीय होतो. चिमट्याची टोकं नेमकी घासलेलीच असतात. ४२० जातीचे कडक चिमटे तर पूर्णच चुंबकीय. सिलिकॉन स्टीलहून कडक, त्यामुळे त्याच्या धारदार कडेला चिमटा दाबून धरला की धातूचा किस कडेलाच राहतो.

किती किस पुरेसा आहे? लोखंडाचं संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त, चुंबकत्व ग्रॅममागे २१८ ईएमयू. ४३ मायक्रोईएमयूला लागतं ०.२ मायक्रोग्रॅम लोखंड. त्याचा घन केला तर बाजू ३० मायक्रॉनच्या आत, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. आमच्या संपूर्ण फिल्ममध्ये कोबाल्टच मुळी दीड मायक्रोग्रॅम. हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा एमएस्सीची विद्यार्थिनी खुर्चीवर बसून राहिली. दोन वर्षं ते नमुने तिनेच उचलले होते.

हा धोका माहीत नव्हता असंही म्हणता येत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये अनपेक्षित फेरोचुंबकत्व दिसल्याचं छापलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं की जपून हाताळलेल्या फिल्ममध्ये ते नाही, आणि स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरलं की तसाच फास मिळतो. तो निबंध आमच्या संदर्भयादीत होता. यादीत असणं आणि बाकावर आठवणं यात फार अंतर आहे.

मग सात नमुने ठरले. पहिला: कोरा सिलिकॉन, हिऱ्याच्या टोकाने कापलेला, प्लास्टिकच्या चिमट्याने धरलेला. दुसरा: तसाच, पण नेहमीच्या स्टीलच्या चिमट्याने कडेला सहा वेळा धरलेला. तिसरा: कोबाल्ट न घातलेली झिंक ऑक्साइडची फिल्म. चौथा: कोबाल्टवाली फिल्म, सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्लास्टिकचा चिमटा. पाचवा: कोरा तुकडा आठ दिवस खिडकीत उघडा. सहावा: दुसऱ्यासारखाच स्टीलने धरलेला, पण नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं बुडवलेला. सातवा: मोजताना नमुना ज्यात बसवतात ती स्ट्रॉ आणि कॅप्टॉन ही प्लास्टिकची चिकटपट्टी, आत काहीच नाही.

पाचव्या नमुन्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण तो खास आमच्या भागाचा आहे. आमची काळी माती बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत चुंबक फिरवा, काळ्या कणांची दाढी फुटते. वैशाखात वावटळ उठली की तीच माती बारीक होऊन लॅबच्या टेबलावर बसते. माझा सगळा संशय धुळीवर होता. खरं सांगायचं तर धूळच निघावी अशी इच्छाही होती, कारण धूळ निघाली असती तर दोष कोणाच्या हाताकडे गेला नसता.

फाइल्स आल्या. पहिला नमुना: खाली उतरणारी सरळ रेघ, सिलिकॉनची स्वतःची प्रतिचुंबकीय (चुंबकाला किंचित विरोध करणारी) रेघ, जशी असायला हवी तशी. दुसरा: फास, आमच्या ‘शोधा’च्याच आकाराचा. तिसरा आणि सातवा स्वच्छ. पाचव्यात धुळीचा फास होता, पण दुसऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. सहाव्यातला फास आम्लाने धुऊन गेला होता. आणि चौथा, म्हणजे आमची खरी फिल्म? खोलीच्या तापमानाला फास नाहीच. तापमान उतरवलं की वाढत जाणारं साधं पराचुंबकत्व, म्हणजे बाहेरचं क्षेत्र असेपर्यंतच टिकणारं. कोबाल्टचे अणू जागच्या जागी बसलेले, पण एकमेकांशी न बोलणारे.

जुने आकडे पुन्हा काढले तेव्हा खुणा आधीपासून दिसत होत्या. चार थरांची फिल्म आणि दहा थरांची फिल्म, दोघींचं एकूण चुंबकत्व जवळपास सारखं. फिल्मचं असतं तर जाडीबरोबर वाढायला हवं होतं. पण आम्ही आलेख काढताना प्रत्येक वेळी कोबाल्टच्या अणुसंख्येने भागत होतो. त्यामुळे पातळ फिल्मचा आकडा मोठा दिसायचा, आणि आम्ही त्याला ‘पृष्ठभागाचा परिणाम’ असं नाव देऊन मोकळे झालो होतो. दहा केल्विन आणि तीनशे केल्विनला (म्हणजे खोलीच्या तापमानाला) फासाची रुंदी जवळजवळ तीच, हीही लोखंडाचीच सही. भागाकार करण्याआधीचा कच्चा आकडा भिंतीवर लावायची पद्धत आम्ही त्यानंतर सुरू केली. प्रत्येक लॅबने करावी.

त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सल्ला दिला: आलेख राहू द्या, मंजुरी आली की चांगल्या चिमट्याने पुन्हा करू. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या आलेखाच्या भरवशावर पैसा मागायचा तोच खोटा आहे हे कळल्यावर त्याला प्रस्तावात ठेवणं म्हणजे सरळ फसवणूक, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. शंका दुसरीच आहे. देशात पैसा नाही असं नाही. नॅनो मिशन २००७ मध्ये एक हजार कोटींचं होतं, सेमीकंडक्टरसाठी २०२१ मध्ये ७६ हजार कोटी जाहीर झाले, क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६ हजार कोटींवर मंजुरी मिळाली. पण छोट्या कॉलेजच्या प्रस्तावात पहिला प्रश्न असतो ‘सिग्नल मिळाला का’, आणि ‘कोरे नमुने किती मोजले’ हा प्रश्न मला आजवर कोणत्याही समितीने विचारलेला नाही. मोजणीचे पैसे नमुन्यागणिक लागतात. दहा नमुन्यांची ऐपत असेल तर माणूस दहाही फिल्मचेच पाठवतो. कोऱ्यावर पैसे घालवणं उधळपट्टी वाटते. त्यामुळे ज्यांना कोऱ्या नमुन्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच ते सर्वांत कमी असतात.

प्रस्ताव नव्याने लिहिला. प्राथमिक निष्कर्षांत सातही आलेख टाकले. अंदाजपत्रकात सिरॅमिक टोकांचे चिमटे, हिऱ्याचा स्क्राइबर, झाकणाचे प्लास्टिक डबे, आणि दर तीन नमुन्यांमागे एक कोरा नमुना मोजण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवला. उद्दिष्टही बदललं: आधी होल वाढवायचे, नायट्रोजन घालून बघायचं, चुंबकत्वाचं नाव नंतर घ्यायचं. सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, “मग तुमच्याकडे नवीन काय आहे?” मी सहाव्या नमुन्याचा आलेख दाखवला. निर्णय अजून आलेला नाही.

काम मात्र थांबलेलं नाही. जुन्या डब्यात कोबाल्टच्या फिल्मचे अकरा तुकडे शिल्लक आहेत. त्यांच्यापैकी काहींचे आकडे आमच्या दोन छापील निबंधांत गेले आहेत, आणि दोन्ही संपादकांना आम्ही पत्र पाठवलं आहे. हे तुकडे आम्लात धुता येत नाहीत, झिंक ऑक्साइडच विरघळून जाईल. विद्यार्थिनीने ते भिंगाखाली पाहिले, चार तुकड्यांच्या कडेला राखाडी ओरखडे स्पष्ट दिसतात. आता चारही कडांचा एकेक मिलिमीटर हिऱ्याने कापून मधला तीन बाय तीनचा तुकडा आणि कापलेल्या पट्ट्या, दोन्ही वेगवेगळे मोजायला पाठवायचे आहेत. वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.