आमची वाटचाल : ड्रेपरी, टोप आणि पुराचं पाणी

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमचं गोडाऊन आहे. त्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत : २००५, २०१९, २०२१. धंद्यातला माणूस आत आला की आधी रॅकवर हात फिरवतो, मग रेघांकडं बघतो आणि विचारतो, "किनखाप (भरजरी कापड) किती गेलं?"

वडिलांनी ड्रेपरी, म्हणजे नटांना कपडे-टोप भाड्यानं देण्याचं दुकान, सुरू केली ती नाटकाच्या जिवावर. कोल्हापूरला सिनेमाचं कौतुक नवं नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभात १९२९ ला इथंच निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. इथं शिकायचं आणि हात बसला की गाव सोडायचं, ही रीत तेव्हापासूनची. ती आम्हालाही भोवली, ते पुढं येईलच.

दुकानाची अर्धी किंमत टोपांची, म्हणजे नटांनी डोक्यावर चढवायच्या केसांची, आणि टोप म्हटलं की मामा. नात्यानं मामा नव्हेत, वडिलांचे पहिले भागीदार. त्यांचं भांडवल म्हणजे सागाच्या मुठीची एक आकडी सुई आणि डोक्याच्या मापाचे सहा लाकडी ठोकळे. माप चार ठिकाणी घ्यायचं : डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत टाळूवरून, आणि तसंच कपाळावरून. मग जाळी ठोकळ्यावर ताणून तिच्यात केसांची एकेक गाठ. मागं तीन-चार केस एका गाठीत चालतात, वर दोन, पण कपाळाच्या पहिल्या दोन ओळींत एकच. ती ओळ नाटकात कुणाला दिसत नाही. पहिली रांग दहा फुटांवर असते. एचडी कॅमेरा आला आणि तीच ओळ सगळं ठरवायला लागली. जाड जाळीची कड क्लोजअपमध्ये कपाळावर दोरी बांधल्यासारखी दिसते. मामांनी उतारवयात बारीक जाळीवर हात बसवला. एका टोपाला दहा दिवस लागायचे, आम्ही भाडं मात्र जुनंच लावत होतो. चूक आमची.

मधली वीसेक वर्षं बरी गेली. स्पर्धा, गॅदरिंग, जत्रेतली नाटकं, अधूनमधून सिनेमा. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१९ च्या जुलैत एका ऐतिहासिक मालिकेची ऑर्डर आली. साठ मावळे. बाहेरच्याला साठ हा आकडा वाटतो. अंगरखा, सुरवार, शेला, मुंडासं, कमरबंद, जोडा, तलवार, ढाल असे आठ नग धरले तर ४८० होतात. शिवाय मारामारीतल्या पुढच्या दहा जणांचे तीन-तीन सेट : एक कोरा, एक मळका, एक फाटका. शूटिंग उलटसुलट चालतं. सकाळी मेलेला मावळा दुपारी लग्नात नाचतो. मळका सेट करायला कापड चहाच्या पाण्यात बुडवायचं, कोपरं-गुडघे पॉलिश पेपरनं घासायचे, मग काव (तांबडी माती) आणि मुलतानी माती कोरडीच चोळायची. ओली लावली की थर होतो आणि कॅमेऱ्यात चिखल दिसतो, मळ दिसत नाही.

माल बांधून तयार होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा चढली. धोक्याची पातळी ४३ फूट, ती गेली ५५ च्या वर. २००५ च्या रेघेवर दोन फूट सोडून आम्ही फळ्या मारल्या होत्या. पाणी त्या फळ्यांवरही गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, गाडी निघणार कुठून?

पाणी उतरल्यावर जे शिकलो ते लिहून ठेवतो, कुणाला तरी लागेल. पहिली चूक सगळेच करतात : कपडा उन्हात टाकतात. गाळ वाळला की धाग्यात बसतो. ओला असतानाच नळाच्या पाण्यात बुचकळायचा, चोळायचा नाही, आणि पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहायचं. लाल आणि हिरवं वेगळं. मग सावलीत, वाऱ्याला. मखमल वाचत नाही. लव खाली बसते ती बसतेच. तांब्याची जरी काळी पडते, प्लॅस्टिक जरीला काही होत नाही. (आयुष्यभर तिला नावं ठेवली, तीच वाचली.) बक्रमच्या, म्हणजे खळ दिलेल्या कडक कापडाच्या, पगड्यांचा लगदा झाला. लोखंडी कड्यांची चिलखतं गंजली आणि गंज खालच्या शेल्यांत उतरला. ॲल्युमिनियमची पुसून परत टांगली.

टोपांचं वेगळं. केसाला पाणी काही करत नाही. सुती जाळी कुजते आणि गाठी सुटतात. गार पाणी, शाम्पू पातळ करून, केसांच्या दिशेनं बुचकळायचं, पंचात दाबायचं, पिळायचं नाही. लगेच ठोकळ्यावर चढवून कडेनं टाचण्या, नाहीतर जाळी आकसते. सत्तर टोपांपैकी एकतीस वाचले. मामा तीन आठवडे खुर्चीतून उठले नाहीत.

आता तक्रार. आमच्याच दुकानात दोन वर्षं काढून पुण्याकडं गेलेल्या एका गड्यानं त्या आठवड्यात ती ऑर्डर उचलली. धंदा आहे, उचलावी. पण "कोल्हापूरवाल्यांचा सगळा माल कुजला" हे त्यानं मुंबईपर्यंत पोचवलं आणि पुढची दोन वर्षं फोन वाजला नाही. त्याचे टोप सिंथेटिक. लाइटखाली चमकतात, पावडर मारून चमक दबते ती घाम येईपर्यंतच. वर गरम चिमटा लावला की केस वितळतो. प्रॉडक्शनला स्वस्त पडतं, भोगतो नट. बारा तासांच्या शिफ्टला ते डोक्यावर घालून बघा. १९४८ च्या दंगलीत सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा इथला जयप्रभा स्टुडिओ जळला तो त्यांनी परत उभा केला. आमच्या नुकसानीचं रडगाणं त्यापुढं फार लांबवू नये हे कळतं. तरी लिहिलं.

मालिकेत जाणाऱ्या नव्या पोरांना, विचारलं नसलं तरी सांगतो. स्वतःच्या मापाचा कागद खिशात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला. मिशी लावायची तर ओठावर आधी क्रीम नको. स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) लावून जरा चिकट होऊ द्या, मग ओल्या मलमलीनं दाबा. बोटानं दाबलं तर गम चकाकतो. दोन दिवस आधी कानामागं लावून बघा, सोसतं का. आणि लेपल माइक (छातीला अडकवायचा छोटा माइक) असेल तर गळ्यात दोन माळा घालू नका, साउंडवाला शिव्या घालणार.

त्या दोन वर्षांत दुकान चालू राहिलं ते गडहिंग्लजच्या सरांमुळं. राज्य नाट्य स्पर्धेला त्यांची यादी दरवर्षी येते : पात्र, प्रवेश, आणि दोन प्रवेशांमधला वेळ सेकंदांत. पुरानंतर त्यांनी संपूर्ण भाडं आगाऊ आणून ठेवलं. त्यांचे कपडे परत येतात तेव्हा खिशात चिठ्ठी असते : "डाव्या बाहीचा दुसरा हूक सैल." भाड्याच्या धंद्यात माल देणं सोपं, परत घेणं अवघड, एवढं सांगणारं दुसरं गिऱ्हाईक आम्ही पाहिलं नाही.

८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर. आमच्या रजिस्टरची त्या दिवसांची पानं कोरी आहेत. सरांची यादी तरीही आली. सात पात्रं, तीन मिशा, आणि एका ठिकाणी अंगरखा बदलायला चाळीस सेकंद. वेल्क्रोचा फर्रर्र आवाज पहिल्या रांगेत जातो, म्हणून तो नको. आतला अंगरखा आधीच चढवायचा, वरच्याचे बंद खोटे शिवून खाली चार मोठे हूक. मामांची नजर आता अधू झाली आहे, पण हूक कुठं बसवायचे ते त्यांनी कापडावर बोटानं चाचपून दाखवलं. तिसरा त्यांनी अर्धा इंच खाली घ्यायला लावला, कमरबंदाच्या गाठीत अडकू नये म्हणून.