यंदाची थंडी कोणत्या वर्षासारखी?

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तुर्भ्याच्या फळबाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते : यंदा ला निना आहे, तेव्हा थंडी कडाक्याची पडणार. त्याच वेळी बाहेर उकाडा इतका होता की दुपारी गाळ्यांमधून फिरणे नकोसे व्हावे. मी नवी मुंबईतील एका खासगी हवामान सल्ला कार्यालयात काम करते आणि आमचे बहुतेक ग्राहक शेतमालाच्या व्यापारातले आहेत. हापूसच्या व्यापाऱ्याला हिवाळ्याचा अंदाज हिवाळा सुरू होण्याआधी लागतो, कारण कोकणातल्या कोणत्या बागायतदाराला किती उचल द्यायची, खोक्यांची मागणी केव्हा नोंदवायची आणि मार्चच्या आवकेवर किती विसंबायचे, हे सारे दिवाळीच्या आसपास ठरते. त्या आठवड्यात अशाच एका व्यापाऱ्यासमोर आम्हाला आगामी हिवाळ्याची मागील वर्षांशी तुलना मांडायची होती, आणि त्या एका दुपारने माझी काम करण्याची पद्धत बदलली.

आमच्या तरुण सहकाऱ्याने नकाशा सुबक तयार केला होता. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय मध्य आणि पूर्व भागातील पृष्ठभागाचे पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून अधिक थंड झाले आणि तीन-तीन महिन्यांच्या सरासरीत ते सलग पाच वेळा तसेच राहिले, की त्या काळाची नोंद ला निना म्हणून होते. १९५० पासूनचे असे सर्व हिवाळे एकत्र करून त्याने त्यांची सरासरी काढली होती. उत्तर आणि मध्य भारतावर सरासरीपेक्षा जास्त थंडी दाखवणारा निळा रंग पसरला होता आणि त्याची कड कोकणापर्यंत आली होती. शेठ तो पाहून समाधानाने म्हणाले, "म्हणजे मोहोर भरपूर. मॅडम, मग आता आकडा सांगा, उचल वाढवू का?"

हा प्रश्न साधा नव्हता. उचल वाढवली आणि हंगाम हुकला तर पैसे अडकतात, आणि त्या पैशाच्या भरवशावर फवारणीचा खर्च काढलेला बागायतदार पुढच्या वर्षापर्यंत देणेकरी होतो. सरासरीच्या एका निळ्या रंगावर एवढा भार टाकणे मला पटेना. मी नकाशा बाजूला ठेवून आमच्याजवळच्या नोंदींचा तक्ता उघडला. नवी मुंबईत तापमानाची जुनी, अखंड नोंद नाही. त्यामुळे इथल्या थंडीचा विचार करताना सांताक्रूझ वेधशाळेचाच आधार घ्यावा लागतो. ठाणे शहर येऊरचे डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये आणि आमचा भाग पारसिकच्या रांगेच्या पायथ्याशी असल्यामुळे रात्रीचे आकडे थोडे वेगळे येतात, पण थंडीचे येणे-जाणे सर्वत्र सारखेच असते.

तक्ता असे सांगत होता. सांताक्रूझची सर्वांत थंड नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ ची; आणि त्या हिवाळ्यात ना ला निना होती ना एल निनो, म्हणजे तोच समुद्र सरासरीपेक्षा तापण्याची उलट स्थिती. फेब्रुवारी २००८ मध्ये पारा साडेआठ अंशांपर्यंत उतरला आणि फेब्रुवारी २०१२ मध्येही तो नऊच्या आसपास गेला; हे दोन्ही हिवाळे ला निनाचे. इथपर्यंत शेठांचे म्हणणे खरे ठरत होते. पण डिसेंबर २०१५ मध्ये, अतिशय तीव्र एल निनोच्या ऐन भरात, मुंबईचा पारा बारा अंशांखाली गेला होता. उलट, लागोपाठ तिसऱ्या ला निना हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, देशाच्या सरासरी कमाल तापमानाने त्या महिन्याचे आधीचे सारे विक्रम मोडले होते. एकाच नावाखाली इतके निरनिराळे हिवाळे एकत्र केले, की सरासरीत त्यांतला कोणताच हिवाळा उरत नाही.

याचे कारण कोकणच्या थंडीच्या स्वभावात आहे. ती इथे वस्तीला येत नाही, झुळकीने येते. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून पुढे सरकला, की त्याच्या मागे उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान-गुजरातवरून खाली उतरतात आणि तीन-चार रात्री ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पारा घसरतो. वारा पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे वळला, बंगालच्या उपसागरातील एखाद्या कमी दाबाच्या प्रणालीने बाष्प पाठवले, की ढग जमतात आणि रात्री पुन्हा उबदार होतात. ला निना उत्तरेच्या वाऱ्यांना साहाय्य करते, हे अभ्यासांतून दिसते. परंतु हे झंझावात कधी येतील, किती येतील आणि त्यांच्या मधल्या दिवसांत उपसागर शांत राहील की नाही, हे एकटा प्रशांत महासागर ठरवीत नाही.

शेठांसोबत देवगडचे एक वयस्क बागायतदार आले होते. सगळे त्यांना काका म्हणत होते. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. आता त्यांनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. पाने कडेने तपकिरी पडलेली, शाई काही ठिकाणी पसरलेली. दरवर्षाला अर्धे पान, आणि त्यात ठरलेल्या चार-पाच गोष्टी : पालवी केव्हा जून (पक्व) झाली, पहिला मोहोर कोणत्या कलमांना, ढग कधी, थंडी कधी, पहिली पेटी वाशीला कधी. "थंडी इली म्हणान काय झाला," ते म्हणाले, "ती रवाक व्हयी. आणि येळेर येवक व्हयी." म्हणजे ती टिकायला हवी आणि वेळेवर यायला हवी.

मग आम्ही ती वही आणि आमचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वर्षे जुळवू लागलो. प्रथम मी ला निनाच्या यादीतून लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टिकलेले हिवाळे वगळले, उदाहरणार्थ २०११-१२, २०१७-१८, २०२१-२२ आणि २०२२-२३. कारण २०२३-२४ मध्ये तीव्र एल निनो होऊन गेला होता आणि समुद्र नुकताच त्यातून बाहेर पडत होता. तशीच पार्श्वभूमी असलेली वर्षे हवी होती. त्यांतली १९८८-८९, १९९८-९९, २०१०-११ आणि २०१६-१७ ही आम्ही समोर घेतली. यांतल्या पहिल्या तीन वर्षांत ऑक्टोबरपर्यंत ला निना चांगलीच बळावली होती. २०२४ मध्ये मात्र पाणी अजून अर्ध्या अंशाच्या उंबरठ्याअलीकडेच रेंगाळत होते. सप्टेंबरात अमेरिकी हवामान संस्थेने ला निनाची शक्यता ७१ टक्के सांगितली होती, ती ऑक्टोबरात ६० टक्क्यांवर आणली होती. त्यामुळे अशक्त ला निनाचे २०१६-१७ हेच वर्ष सर्वांत जवळचे ठरत होते. ज्या निळ्या नकाशावर सगळे खूश होते, त्याचा रंग मुख्यतः बळकट वर्षांमुळे गडद झाला होता.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटत होती. १९८८ ची थंडी जशीच्या तशी उचलून २०२४ च्या कागदावर ठेवता येत नाही. मधल्या काळात समुद्र तापला आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती तिथे काँक्रीट उभे राहिले आहे, जे दिवसाची उष्णता रात्री सोडते. म्हणून प्रत्येक जुने वर्ष त्याच्या स्वतःच्या काळातील सरासरीपेक्षा किती थंड होते ते काढायचे आणि तेवढाच फरक आजच्या सरासरीतून वजा करायचा. असे केल्यावर नकाशातील निळा बराचसा विरला. पुढे १ नोव्हेंबरला भारतीय हवामान विभागाने सांगितले, की तो ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता. हिवाळ्याची सुरुवातच इतक्या वरच्या पायरीवरून व्हायची होती.

काकांच्या वहीने तिसरी गोष्ट दाखवली, आणि ती माझ्या तक्त्यात नव्हतीच. हापूसला नुसती थंडी पुरत नाही. पावसाळा संपल्यावर जमिनीला ताण बसावा, पालवी जून व्हावी, आणि मग रात्रीचे तापमान वीस अंशांखाली जाऊन काही दिवस तिथे टिकावे, तेव्हा मोहोर फुटतो. पाऊस लांबला तर झाड नवी पालवी काढत बसते आणि मोहोर मागे जातो. मोहोर घडत असताना थंडी फारच कडक झाली तर फळ धरू शकणारी संयुक्त फुले कमी होतात आणि नर फुलेच वाढतात. मोहरीएवढी फळे धरल्यानंतर जोरदार थंडी लांबली तर झाड पुन्हा मोहोरते आणि आधीची फळे गाळते. हा पुनर्मोहोर टाळण्यासाठीच दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ जिब्रेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी सुचवते. मोहोरावर ढगाळ, दमट हवा राहिली तर तुडतुड्याची कीड आणि भुरी, करपा हे रोग आलेच. वहीत २००८ च्या पानावर, जिथे माझ्या तक्त्यात साडेआठ अंशांचा अभिमानास्पद आकडा होता, तिथे काकांनी एवढेच लिहिले होते : "उशिराची थंडी. परत मोहोर. फळ गळाले." सर्वांत थंड फेब्रुवारी त्यांच्या बागेसाठी वाईट होता. शेठांनी ते पान स्वतःकडे ओढून दोनदा वाचले.

त्यांनी मग विचारले, "तुमच्या मते चांगली वर्षे कोणती?" काका पाने उलटत गेले. त्यांनी बोट ठेवलेल्या वर्षांत काही ला निनाची होती, काही नव्हती. त्यांना जोडणारा धागा एकच होता : नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत पूर्वेचा ढगाळ वारा आला नव्हता. माझ्याकडे उपसागरातील वादळांच्या तारखा होत्या; आम्ही निवडलेल्या वर्षांसाठी त्या पाहिल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये ७ तारखेच्या सुमारास 'जल' चेन्नईजवळ आले होते आणि त्या महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला होता. डिसेंबर २०१६ मध्ये १२ तारखेला 'वरदा' तिथेच धडकले होते. एका बागेच्या वहीवरून कोणी सिद्धांत मांडू नये, हे मी तेव्हाही बोलून दाखवले. परंतु आम्ही वर्षे निवडताना केवळ प्रशांत महासागराकडे पाहत होतो आणि देवगडच्या माणसाचे डोळे उपसागराकडे लागलेले होते, ही गोष्ट माझ्या मनात ठसली.

त्या दिवशी आम्ही शेठांना जे लेखी दिले ते एका वाक्याचे नव्हते. थंडीच्या लाटा येतील, पण तुटक येतील; डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्वेच्या वाऱ्याने खंड पडण्याचा धोका आहे; फेब्रुवारीचा उत्तरार्ध अलीकडच्या वर्षांप्रमाणे तापू शकतो; म्हणून उचल एकदम न वाढवता अर्धी आत्ता आणि अर्धी मोहोर पाहून जानेवारीत द्यावी. शेठांना कडाक्याच्या थंडीचे ठाम वाक्य हवे होते, हे उघड होते. पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि काकांना म्हणाले, "काका, जानेवारीत मी स्वतः बागेत येतो."

पुढचा हिवाळा त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने रोज पाहिला. नोव्हेंबरच्या शेवटी पारा छान उतरू लागला होता. तेवढ्यात ३० नोव्हेंबरला 'फेंगल' वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याचे बाष्प कोकणात शिरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांताक्रूझला कमाल तापमान ३७.३ अंशांवर गेले. डिसेंबरात इतका उकाडा मुंबईने सोळा वर्षांत पाहिला नव्हता. आठवडाही झाला नसेल तोच, ९ डिसेंबरला, तिथेच किमान तापमान १३.७ अंश नोंदले गेले. ही दोन टोके एकाच पंधरवड्यात होती; महिन्याची सरासरी काढली असती तर दोन्ही पुसली गेली असती. ला निना जानेवारीत जाहीर झाली, अशक्त राहिली आणि वसंतापर्यंत संपली. फेब्रुवारी २०२५ देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि त्याच्या अखेरच्या आठवड्यात मुंबई, ठाणे, रायगडला चक्क उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. काकांनी फोनवर सांगितले, की डिसेंबरच्या मोहोराची फळे उन्हाने डागाळली, पण पहिला लहान बहर वाचला. दुसरी अर्धी उचल शेठांनी बाग पाहून, कमी करून दिली होती.

यंदा, २०२५ च्या ऑक्टोबरात, प्रशांत महासागर पुन्हा थंड झाला आहे आणि बाजारात पुन्हा तेच वाक्य फिरते आहे. या वेळी मात्र यादी वेगळी आहे. गेल्या हिवाळ्यातही ला निनाचा हलका स्पर्श होता, म्हणून आम्ही २०१७-१८ आणि २०२१-२२ ही लागोपाठची वर्षे समोर घेतली आहेत. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात 'ओखी' वादळ अरबी समुद्रातून वर सरकले आणि मुंबई-ठाण्यात ऐन थंडीच्या दिवसांत पाऊस पडला. १ डिसेंबर २०२१ ला कोकणात असाच अवकाळी पाऊस झाला. त्याच हिवाळ्यात २३ जानेवारीला वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश पिवळे पडले आणि दिवसाचे तापमानही खाली गेले. शिवाय हिंदी महासागरातील द्विध्रुव, म्हणजे त्याच्या पूर्व-पश्चिम भागांतील पाण्याच्या तापमानाचा फरक, या वर्षी ऋण आहे, म्हणजे सुमात्राकडचे पाणी अधिक उबदार आहे. तसाच तो २०१० आणि २०१६ मध्येही होता, त्यामुळे ती दोन वर्षेही तक्त्यात ठेवली आहेत. तक्त्यात आता एक नवा स्तंभ आहे, उपसागर आणि अरबी समुद्रातील नोव्हेंबर-डिसेंबरच्या प्रणालींचा, आणि प्रत्येक पंधरवड्याची ओळ वेगळी आहे. काकांनी २०१७ आणि २०२१ च्या पानांची छायाचित्रे पाठवली आहेत. पुढच्या आठवड्यात शेठ येतील तेव्हा ती दोन पाने आणि आमचा तक्ता एकत्रच त्यांच्यापुढे ठेवायचा आहे.